बेरिंगचा धातू, बंदुकीची गोळी आणि रक्तातले शिसे

१९३९ साली मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी जुन्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. सुमारे सोळाशे नाणी, सातवाहन राजांची. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेली काही सातवाहन राजांची नावे त्यातून पुढे आली. इतिहासाच्या अभ्यासकांना तऱ्हाळा माहीत आहे ते या नावांसाठी. मी डॉक्टर असल्यामुळे माझे लक्ष नाण्यांच्या धातूकडे गेले. ही नाणी पोटीनची आहेत. पोटीन म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांचे मिश्रण. सातवाहनांनी निव्वळ शिशाचीही नाणी पाडली. म्हणजे आपल्या वाशिमच्या मातीत शिशाच्या मिश्रधातूची ओळख निदान अठराशे वर्षे जुनी आहे.

आज हा विषय काढायचे कारण मात्र नाणी नव्हेत, एक चार वर्षांचा मुलगा आहे. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मुलगा फिका, चिडचिडा, भूक नाही, आठवडाभर शौचाला होत नाही, मधूनमधून पोट दुखते म्हणून रडतो. हिमोग्लोबिन कमी. दोन महिने लोहाचे औषध चालू होते, फरक शून्य. आपल्याकडे असे मूल आले की आधी जंत, मग आहार, मग सिकलसेल असा क्रम डोक्यात येतो, आणि तो बरोबरच आहे. तिन्ही पाहून झाले. शेवटी मी वडिलांना त्यांचा धंदा विचारला. हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता.

वडील जुनी इंजिने आणि जिनिंगची यंत्रे दुरुस्त करतात. घराच्या मागच्या पडवीतच काम. झिजलेल्या बेरिंगमधला पांढरा धातू वितळवून काढायचा आणि पुन्हा ओतायचा, हे कसब त्यांना वडिलांकडून मिळाले. मी शिशाचे नाव काढताच ते हसले. "नाही डॉक्टर साहेब, हे शिसं नाही. शिसं तं नखानं कोरता येते. हे व्हाइट मेटल हाये, कडक असते." मग त्यांनीच पुढचे सांगितले. त्यांच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून पीक राखायची, रीतसर परवान्याची. गोळ्या घरीच ओतत. शिसे कमी पडले की भंगारातल्या बेरिंगचा धातू त्यात टाकत. बंदूक केव्हाच जमा झाली. ओतायचा लोखंडी साचा आणि डबाभर गोळ्या मात्र घरातच राहिल्या. मुलगा त्याच गोळ्यांनी गोट्या खेळतो. तोंडातही घालतो का, असे विचारल्यावर आई काही बोलली नाही.

"कडक आहे, म्हणजे शिसे नाही." ही समजूत मी त्यानंतर आणखी दोघातिघांकडून ऐकली, त्यात एक शिकलेला इंजिनिअर होता. ती कुठून आली असेल हे शोधायला गेलो आणि गोळी, कापूस, रेल्वे असे बरेच काही हाती लागले. तेच तुम्हाला सांगतो.

शिसे हा धातू फार लवकर माणसाच्या कह्यात आला, कारण तो ३२७ अंश सेल्सिअसला वितळतो. चुलीवर, लोखंडी पळीत. तांब्याला हजाराच्या वर आच लागते, लोखंडाला त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे तोड्याची बंदूक आली तेव्हा तिच्या गोळीसाठी शिशाला तोड नव्हती. जड असल्याने दूर जाते, मऊ असल्याने नळी खराब करत नाही, आणि शिपायाला ती स्वतःच्या राहुटीत ओतता येते. त्या काळच्या बंदुका हातघडणीच्या, प्रत्येकीची नळी वेगळ्या मापाची. म्हणून बंदुकीबरोबर तिचा साचाही असायचा.

दख्खनच्या काळ्या कातळात शिशाच्या खाणी नाहीत. राजस्थानात जावरला होत्या, आणि बाकी माल समुद्रावरून यायचा. इंग्रज, डच, फ्रेंच कंपन्यांच्या जहाजांत शिसे हा नेहमीचा माल असे. जड असल्याने तळाशी भार म्हणूनही ते सोयीचे. शिवाजी महाराजांना फ्रेंचांनी तोफा आणि बंदुकांना पुरेल इतके शिसे विकल्याचे रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. आपण गडांचा आणि तलवारींचा इतिहास वाचतो. पण ज्याच्या बंदरात शिसे उतरते त्याच्या बंदुका बोलतात, हे महाराजांना पक्के ठाऊक होते. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावच्या मैदानावर आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजा इंग्रजांशी लढल्या, तेव्हा दोन्ही बाजूंच्या बंदुकांत मऊ शिशाच्या गोल गोळ्याच होत्या.

इथवर कडकपणाचा प्रश्नच नव्हता. तो आला बंदुकीच्या नळीत आटे पाडल्यावर. आट्यांमुळे गोळी फिरत जाते आणि नेम लागतो, पण त्यासाठी ती आट्यांत घट्ट बसली पाहिजे. १८४९ च्या सुमारास फ्रान्सच्या मिन्ये या अधिकाऱ्याने उत्तर काढले. मागून पोकळ असलेली लांबट गोळी. दारूच्या दाबाने तिचा मागचा भाग फुगतो आणि आट्यांत रुततो. फुगण्यासाठी शिसे मऊच हवे. १८५३ ची एन्फिल्ड रायफल याच तत्त्वावरची. हिच्याच काडतुसांच्या चरबीवरून १८५७ ला ठिणगी पडली. १८५३ हेच वऱ्हाडच्याही नशिबातले वर्ष, कारण त्या साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला.

पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले. या युद्धाचे आपल्या भागाशी दोन धाग्यांनी नाते आहे. पहिला सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत मुंबईहून रेल्वे थेट नागपूरला पोचली, खामगाव-कारंजाच्या बाजारपेठा फुलल्या, आणि युद्ध संपल्यावर भाव कोसळून शेतकरी कसा पोळला हेही तुम्ही वाचले असेल. दुसरा धागा शल्यचिकित्सकांच्या नोंदींत आहे. त्या युद्धातल्या बहुतांश गोळ्या मिन्येच्या पद्धतीच्या. मऊ शिशाची ती जड गोळी हाडावर आदळली की चपटी होई आणि हाडाचा चुरा करी. गोल गोळीने मोडलेले हाड कधी सांधता येई, हिच्यापुढे पाय कापण्यावाचून इलाज नसे. त्या युद्धात हजारोंचे हातपाय कापावे लागले, आणि त्याचे एक मोठे कारण शिशाचा मऊपणा हे होते. कापसाचा भाव इकडे चढत होता, त्याच दिवसांत तिकडे हे चालले होते.

यानंतर बंदुका मागून भरायच्या झाल्या, दारू जोरदार झाली, गोळीचा वेग वाढला. आता मऊ शिसे आट्यांत टिकेना, खरवडून नळीला चिकटू लागले. मग त्यात कथील किंवा अँटिमनी (आपला सुरमा ज्या धातूच्या खनिजावरून ओळखला जायचा तो) मिसळून ते कडक करायला सुरुवात झाली. ब्रिटिश फौजेच्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या गोळीत बारा भाग शिशाला एक भाग कथील असे. पहिल्या महायुद्धातल्या श्रापनेलच्या तोफगोळ्यात जे छर्रे भरत त्यांत सात भाग शिसे आणि एक भाग अँटिमनी. वेग आणखी वाढला तेव्हा शिशावर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण आले. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात या आवरणाचे टोक उघडे ठेवून केलेली गोळी शरीरात उमलून मोठी जखम करी. तशा गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेत बंदी आली. इतके सगळे बदल झाले, पण आतला गाभा शिशाचा तो शिशाचाच.

आता बेरिंगकडे येऊ. १८३९ साली आयझॅक बॅबिट या मॅसॅच्युसेट्सच्या कारागिराने फिरत्या दांड्याखाली बसवायच्या अस्तराचे पेटंट घेतले. त्याच्या नावाने या धातूला बॅबिट म्हणतात. आपल्या वर्कशॉपमध्ये व्हाइट मेटल. मूळच्या मिश्रणात बहुतेक कथील, थोडे अँटिमनी आणि तांबे. कल्पना फार सुंदर आहे. मऊ धातूच्या लगद्यात कडक स्फटिकांचे कण विखुरलेले असतात. कण दांड्याचा भार घेतात, मऊ भाग किंचित झिजून तेलाला जागा देतो, आणि चुकून बारीक कचरा आला तर तो मऊ भागात रुतून बसतो, दांड्याला ओरखडा पडत नाही. तेल संपले तर हे अस्तर वितळून जाते आणि महागडा दांडा वाचतो. पण कथील महाग. मग स्वस्तातला प्रकार निघाला, ज्यात कथलाची जागा शिशाने घेतली. शिसेप्रधान व्हाइट मेटलमध्ये शंभरातले सत्तर-ऐंशी भाग शिसे असते, बाकी अँटिमनी आणि थोडे कथील. रंग तोच पांढरा, ठोकल्यावर कडक, नखाने कोरले जात नाही. आमच्या मिस्त्रींचा समज इथे जन्माला आला.

कापसाने हा धातू वऱ्हाडात आणला असे म्हणायला हरकत नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात एक लांब दांडा छताखाली फिरत असे आणि पट्ट्यांनी सगळ्या चरख्या त्यावर चालत. जितके आधार तितकी बेरिंगे. यवतमाळहून कारंजामार्गे मूर्तिजापूरला जाणारी आपली 'शकुंतला' कापसासाठीच टाकलेली. मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत चालले. आता ती गाडीच बंद आहे. वाफेच्या इंजिनांच्या आणि जुन्या डब्यांच्या आसांखाली व्हाइट मेटलचेच अस्तर असे, आणि ते झिजले की वितळवून नवे ओतणे हे रेल्वेच्या कारखान्यांतले रोजचे काम. पुढे शेतावर तेलइंजिने आली, पिठाच्या गिरण्या आल्या, आणि ओतायचे कसब गावोगावच्या मिस्त्रींच्या हाती गेले. भंगारात पडलेला धातू फुकट जात नाही. छापखान्याचे जुने खिळे, बेरिंगे, गाड्यांच्या चाकांना तोल साधायला लावायची शिशाची वजने, हे सारे जगभर हौशी शिकारी गोळ्या कडक करायला वापरत आले. अमेरिकेत अजूनही वापरतात.

आपल्याकडे ही हौस फारशी पसरली नाही, कारण १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य माणसाच्या हातून बंदूकच काढून घेतली. तरी शेतकऱ्यासाठी एक फट राहिली. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आजोबांची बंदूक त्यातलीच. गंमत अशी की ठासणीच्या गुळगुळीत नळीला कडक गोळीची काहीच गरज नसते. आजोबांनी बेरिंगचा धातू टाकला तो शिसे विकत घ्यावे लागू नये म्हणून. आणि कोणी हा लेख मिश्रणाची कृती मिळेल म्हणून वाचत असेल तर ती इथे नाही. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे याच कायद्याने गुन्हा आहे, आणि मला ज्याची काळजी आहे तो धोका परवानाधारकालाही तितकाच आहे.

तो धोका माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होता. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या निकँडर या ग्रीकाने शिशाच्या पांढऱ्या भुकटीने होणारी पोटदुखी आणि लुळेपणा वर्णिला आहे. आपल्या रसशास्त्राने नाग म्हणजे शिसे आणि वंग म्हणजे कथील यांना 'पूतिलोह' म्हटले, वितळवताना दुर्गंधी सुटणारे धातू. १७६७ मध्ये जॉर्ज बेकरने इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातली पोटशुळाची साथ सफरचंदाच्या रसाच्या घाण्यांत वापरलेल्या शिशामुळे होते हे दाखवले आणि तिथल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आणि योगायोग पाहा. बॅबिटने पेटंट घेतले त्याच १८३९ साली पॅरिसच्या तांकरेल दे प्लांश या तरुण डॉक्टरने शिशाच्या रोगांवरचा आपला मोठा ग्रंथ छापला. बाराशेंहून अधिक कामगार रुग्ण त्याने स्वतः तपासले होते: रंगारी, शिशाच्या भुकटीचे कामगार, खिळे ओतणारे. असह्य कळा, बद्धकोष्ठ, सांधेदुखी, मनगट लुळे पडणे, झटके. आज आम्ही पुस्तकात जे वाचतो त्यातले जवळपास सगळे त्यात आहे. पुढच्याच वर्षी हेन्री बर्टनने हिरड्यांच्या कडेला दिसणारी निळसर रेघ नोंदवली. म्हणजे बेरिंगमध्ये शिसे शिरायच्या आधीच त्याचा रोग पुस्तकात होता. छापखान्यांत तर शंभर वर्षे हा रोग कामाचाच भाग मानला गेला; जावजी दादाजींच्या निर्णयसागरच्या सुबक खिळ्यांचे आपण कौतुक करतो, ते खिळेही शिसे, अँटिमनी आणि कथील याच कुळातल्या धातूचे.

मिश्रणात शिसे विरळ होते, मग विष कमी होत नाही का? नाही, आणि यामागचे कारण नीट समजून घ्या. कडकपणा हा धातूच्या आतल्या स्फटिकांच्या रचनेचा गुण आहे. शरीराला रचनेशी देणेघेणे नाही. आतड्यात किंवा फुप्फुसात पोचला की शिशाचा अणू तोच. उलट अँटिमनी मिसळल्याने एक गोष्ट बिघडते. शिसे आणि अँटिमनीचे ठरावीक मिश्रण अडीचशे अंशांच्या आसपासच वितळते, म्हणजे नुसत्या शिशापेक्षाही लवकर. काम सोपे होते आणि माणूस बेफिकीर होतो. त्यात भंगाराचे बेरिंग नेमके कशाचे आहे हे डोळ्यांनी कळत नाही. काही बेरिंगांत कॅडमियम असते, आणि कॅडमियमचा धूर एका दिवसाच्या कामातही फुप्फुसात पाणी भरून जीव घेऊ शकतो. शिशात आणि अँटिमनीत आर्सेनिकचा अंश असू शकतो. जुने बेरिंग तेलाने माखलेले असते, ते पेट घेते. आणि ओला तुकडा वितळलेल्या धातूत पडला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू तोंडावर उसळतो. अशी भाजलेली दोन माणसे मी पाहिली आहेत. एकाचा डोळा गेला.

धुराबद्दल एक गैरसमज आहे. शिशाची वाफ लक्षणीय प्रमाणात सुटते ती साधारण पाचशे अंशांच्या पुढे. वाशिमच्या मिस्त्रीला हे सांगितले तर तो म्हणेल, मग झाले तर, आपण तेवढी आच देतच नाही. खरे सांगायचे तर गॅसच्या बर्नरवर किंवा भात्यावर आच कुठवर गेली हे कोणी मोजत नसते. पण धूर हा अर्धाच प्रश्न आहे. वितळलेल्या धातूवर जी राखेसारखी मळी जमते ती पळीने काढून बाजूला टाकतात. ती शिशाच्या ऑक्साइडची भुकटी. ती बोटांना लागते, पँटला लागते, पडवीच्या जमिनीवर बसते, झाडूने उडते. मग मिस्त्री त्याच बोटांनी खर्रा घोटतो आणि तोंडात टाकतो. विदर्भात शिशाचा सगळ्यात रुंद रस्ता कदाचित हा खर्राच असेल, असे मला आता वाटू लागले आहे. संध्याकाळी तीच पँट घालून मुलाला मांडीवर घेतो.

मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातला दहावा हिस्सा रक्तात उतरतो, लहान मुलाच्या पोटातला जवळपास निम्मा. लोहाची किंवा कॅल्शियमची कमतरता असेल तर आणखी जास्त, कारण आतड्यात ज्या वाटेने लोह जाते त्याच वाटेने शिसेही घुसते. आपल्या मुलांत आधीच लोह कमी, तेव्हा ही वाट सताड उघडी. रक्तात आल्यावर ते हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या एन्झाइमांना अडवते. म्हणून लोहाचे औषध देऊनही मूल फिकेच राहते: विटा आहेत, पण गवंडीच कामावर नाही. मेंदूत ते कॅल्शियमचे सोंग घेऊन नसांच्या जोडणीत ढवळाढवळ करते, आणि चार वर्षांच्या मेंदूत ही जोडणी जोरात चालू असते. नंतर ते हाडांत जाऊन बसते. प्रौढांत शरीरातले नव्वद टक्क्यांहून जास्त शिसे हाडांतच सापडते आणि तिथे दशकानुदशके राहते. गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम बाळाकडे जाऊ लागले की शिसेही निघते. आईने वीस वर्षांपूर्वी पडवीत झाडू मारला, त्याचा हिशेब तेव्हा होऊ शकतो.

गोळी शरीरातच राहिली तर काय, हा प्रश्न मला सैन्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी विचारला होता. स्नायूत अडकलेल्या गोळीभोवती शरीर तंतूंची पिशवी विणते आणि ती बहुधा आयुष्यभर गप्प पडून राहते. म्हणून शल्यचिकित्सक प्रत्येक गोळी काढायला जात नाहीत. पण सांध्यात असेल तर गोष्ट वेगळी. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात शिसे हळूहळू विरघळते, सांधा खराब होतो आणि वर्षांनंतरही रक्तातले शिसे चढू शकते. अशी गोळी काढावीच लागते. काकांची मांडीत होती. वर्षातून एकदा रक्त तपासा एवढेच सांगितले.

आता तुमच्या उपयोगाचे. रक्तातले शिसे मोजता येते. शिरेतले रक्त लागते, आणि आपल्याकडे नमुना बहुधा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. नखे-केस तपासून काही कळत नाही, पैसे घालवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले आहे की एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे निघाले तर ते कुठून येते हे शोधून थांबवावे. सुरक्षित अशी खालची पातळी कोणाला सापडलेली नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांतल्या एकाच्या रक्तात ५ पेक्षा जास्त शिसे असावे, आणि त्यातली सर्वाधिक मुले भारतातली. पेट्रोलमधले शिसे आपण २००० साली बंद केले. राहिले ते बॅटऱ्या, रंग, भेसळीची हळद, शिसे मिसळलेल्या कथलाची कल्हई, काही भस्मे, आणि अशा पडव्या.

शिसे बाहेर काढणारी औषधे आहेत, पण ती मुलांत साधारण ४५ च्या पुढे लागतात, त्यांचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत आणि मूळ थांबल्याशिवाय ती देणे म्हणजे गळक्या होडीत बसून नुसते पाणी उपसणे. खरा इलाज घरात आहे. धातू वितळवायचे काम राहत्या घरापासून, मुलांपासून आणि स्वयंपाकापासून दूर न्यायचे. कामाचे कपडे तिथेच उतरवायचे आणि वेगळे धुवायचे. कोरडा झाडू बंद, ओले पुसणे. हात साबणाने धुतल्याशिवाय खर्रा, बिडी, चहा काही नाही (खर्रा मुळातच नाही, पण ते भांडण दुसऱ्या लेखात). तोंडाला बांधलेला रुमाल या बारीक भुकटीला अडवत नाही. मळी उकिरड्यावर किंवा शेतात टाकायची नाही, झाकणाच्या डब्यात ठेवून भंगारवाल्याला द्यायची. मुलाला दूध, नाचणी, डाळ, पालेभाजी आणि वेळेवर जेवण, कारण रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते.

त्या मुलाचा रिपोर्ट आला तेव्हा मी वडिलांना एकट्याला बोलावले. आकडा सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माह्या बापाचंबी पोट असंच दुखे. मनगटातून हात लुळा पडला होता शेवटी. आम्ही लकवा समजलो." मी काय बोलणार? तांकरेलच्या ग्रंथातले पानच ते मला वाचून दाखवत होते.

त्यांचे स्वतःचे रक्त मुलापेक्षा जास्त निघाले. काम त्यांनी सोडले नाही, सोडणे शक्यही नव्हते; गावाबाहेरच्या रस्त्याला एक टिनाचे शेड घेतले. पडवी धुऊन, खरवडून, नव्याने सिमेंट केली. घर आवरताना आणखी एक गोष्ट निघाली. धातू ओतायची जुनी लोखंडी पळी कधीतरी घासूनपुसून स्वयंपाकघरात गेली होती आणि तिने फोडणी होत होती. ती पळी, साचा आणि डब्यातल्या गोळ्या त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. गोळ्यांचे काय करायचे हे विचारायला मी त्यांना पोलीस ठाण्यात पाठवले. पळी भंगारात गेली.

सहा महिन्यांनी मुलाचे रक्त पुन्हा तपासले. आकडा निम्म्यावर आलेला नव्हता, पण उतरला होता, आणि तेच लोहाचे औषध आता लागू पडत होते. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.